बाळ रडते तेव्हा दोष दुधाचाच असतो का?

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनीचे हे पहिलेच बाळ असून ते पाच आठवड्यांचे आहे आणि पूर्णपणे अंगावर पिते. जन्मतः 3 किलो असलेले वजन आता 3.9 किलो झाले आहे आणि दिवसातून सात-आठ लंगोट ओले होतात. मात्र रोज संध्याकाळी सातच्या सुमारास जे रडणे सुरू होते, ते दहा-साडेदहापर्यंत थांबत नाही. बाळ पाय पोटाशी घेते, लालबुंद होते आणि वायू सरला की क्षणभर शांत होते. दिवसाही ते कण्हते आणि कुंथते. पिताना ठसका लागून मध्येच तोंड सोडते. ‘तुझे दूध त्याला बाधते’ असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडल्याने या भगिनीने वातूळ समजले जाणारे जवळजवळ सगळे पदार्थ सोडले आहेत. गॅसचे थेंब देऊनही खात्रीने सांगण्याजोगा फरक पडलेला नाही. आता रात्रीपुरते वरचे दूध सुरू करावे, असा सल्ला त्यांना मिळाला आहे. त्या विचारतात, ‘माझ्या दुधातच दोष आहे का? ते थांबवणे बाळाच्या हिताचे ठरेल का?’

ताई, तुमच्या पत्रातील दोन वाक्ये तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, पण उत्तराची सुरुवात तिथूनच करावी लागेल. एक बाळाच्या वजनाचे आणि दुसरे ओल्या लंगोटांचे. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वजन वाढणे आणि चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होणे ही दूध पुरत असल्याची आणि अंगी लागत असल्याची सर्वांत भरवशाची खूण मानली जाते. तुमचे बाळ या दोन्ही कसोट्यांवर नीट उतरते. जे दूध खरोखर बाधते, त्यावर बाळ सहसा असे भरत नाही. म्हणून ‘दुधात दोष आहे का’ या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी तुमच्याच पत्रात आहे आणि ते ‘नाही’ असे आहे.

मग बाळ रडते कशामुळे? येथे एक गृहीतक तपासून पाहू. बाळ रडते, पाय आखडते, वायू सरतो, म्हणजे आधी पोटात गॅस झाला आणि त्यामुळे रडणे आले, असा अर्थ आपण सहज लावतो. पण रडताना बाळ हवा गिळते, आणि तीन तास रडणारे बाळ ती बरीच गिळते. पोटाचे स्नायू ताणले गेल्याने आत असलेला वायूही बाहेर पडतो. पाय पोटाशी घेणे आणि लाल होणे हे तर कोणत्याही कारणाने जोरात रडणाऱ्या तान्ह्याचे नेहमीचे रूप आहे. भुकेने, थकव्याने किंवा फार गोंगाटाने रडणारे बाळही नेमके असेच दिसते. तेव्हा गॅस हे रडण्याचे कारण असण्याऐवजी पुष्कळदा त्याचा परिणाम असतो. पोटात वायू होत नाही असे मी म्हणत नाही. तो प्रत्येक बाळाला होतो. मात्र संध्याकाळच्या त्या तीन तासांचा सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही.

त्या तासांचे बरेचसे स्पष्टीकरण बाळाच्या वयात आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 80 बाळांच्या रडण्याच्या रोजच्या नोंदी आयांकडून ठेवून घेतल्या आणि 1962 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्या आठवड्यात ही बाळे दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत होती. सहाव्या आठवड्यात ते प्रमाण पावणेतीन तासांवर गेले आणि पुढे तिसऱ्या महिन्यापर्यंत उतरत गेले. रडण्याचा मोठा भाग संध्याकाळीच होता आणि ही सगळी बाळे निरोगी होती. नंतरच्या अभ्यासांतही साधारण असाच चढउतार दिसला, मग बाळ अंगावर पिणारे असो वा वरच्या दुधावरचे. तुमचे बाळ पाच आठवड्यांचे आहे, म्हणजे तुम्ही या चढणीच्या जवळजवळ माथ्यावर उभ्या आहात. पुढील एक-दोन आठवडे कदाचित याहून कठीण जातील हे मी लपवणार नाही. पण तसे झाले तर तुमच्या हातून काही चुकल्याचा तो पुरावा समजू नका.

दिवसा जे कण्हणे आणि कुंथणे चालते, त्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. शी बाहेर ढकलण्यासाठी पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडायचे, ही दोन कामे एकत्र करणे तान्ह्याला जन्मतः साधत नाही. म्हणून ते दहा-दहा मिनिटे कुंथते, रडते, जांभळटलाल होते, आणि शेवटी शी होते ती अगदी मऊ, पिवळी, पातळसर. शी मऊ असेल तर हा बद्धकोष्ठ नव्हे. काही आठवड्यांत बाळाला ते जमू लागते. तोपर्यंत गुदद्वारात साबणाची कांडी, तेलाचे बोट किंवा थर्मामीटर घालून ‘मदत’ करू नये. त्या चेतवणीची सवय लागली तर शिकणे लांबते. याच धर्तीची आणखी एक सूचना म्हणजे, साधारण सहा आठवड्यांनंतर केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला काही दिवस शीच झाली नाही, तरी बाळ खेळते-पिते असेल, पोट मऊ असेल आणि झालेली शी मऊ असेल तर घाबरण्याचे कारण नसते.

आता तुमच्या ताटाकडे येऊ. वातूळ पदार्थांनी आईच्या पोटात वायू होतो तो न पचलेला चोथा आणि काही शर्करा तिच्या मोठ्या आतड्यात आंबतात म्हणून. तो वायू किंवा तो चोथा रक्तातून दुधात उतरत नाही. दूध तयार होते ते रक्तातील घटकांपासून. आहाराचा काही स्वाद दुधात उतरतो हे खरे, पण त्याने बाळाचे पोट फुगत नाही. याला अपवाद आहे तो प्रामुख्याने गाईच्या दुधातील प्रथिनांचा. ही प्रथिने आईच्या आहारातून अत्यल्प प्रमाणात तिच्या दुधात येऊ शकतात आणि फार थोड्या बाळांना त्यांची ॲलर्जी असते. अशा बाळांमध्ये रडण्याच्या जोडीला दुसऱ्या खुणाही सहसा असतात: शीमध्ये रक्त किंवा भरपूर आव, अंगावर चिवट पुरळ, वारंवार उलट्या, वजन न वाढणे. त्यांपैकी एकही गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. तरीही डॉक्टरांना शंका आली, तर गाईचे दूध आणि त्यापासून बनलेले सर्व पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करून पाहावेत आणि मग पुन्हा खाऊन खात्री करावी, अशी त्याची रीत आहे. एकाच वेळी दहा पदार्थ सोडल्याने यांतले काहीच कळत नाही; कळते ते इतकेच की आईला पुरेसे खायला मिळत नाही. तुम्ही सोडलेले पदार्थ पुन्हा सुरू करा. हवे तर एकेक करून करा, म्हणजे घरच्यांचीही खात्री पटेल.

माझ्या मते तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा धागा निराळाच आहे, तो म्हणजे पिताना लागणारा ठसका. आई काय खाते याची चर्चा घरोघरी होते, पण बाळ कसे पिते याकडे क्वचितच कोणी बारकाईने पाहते. उद्या सकाळी, बाळ फार भुकेलेले नसताना आणि तुम्हीही घाईत नसताना, एवढे पाहा. बाळाचे तोंड जांभई दिल्यासारखे पूर्ण उघडते का? खालचा ओठ बाहेर वळलेला आहे की आत दुमडलेला? हनुवटी स्तनात रुतलेली आणि नाक मोकळे आहे का? स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे अधिक दिसायला हवा आणि हनुवटीकडे कमी. पिताना गाल आत ओढले जात असतील, टक्-टक् असा आवाज येत असेल, किंवा सुटल्यावर तुमचे स्तनाग्र एका बाजूने चपटे झालेले दिसत असेल, तर पकड उथळ आहे आणि दुधाबरोबर हवाही आत जात आहे. अशा वेळी करंगळी अलगद ओठाच्या कोपऱ्यातून आत सारून पकड सोडवावी. मग बाळाचे कान, खांदा आणि कंबर एका रेषेत ठेवून, त्याचे पोट आपल्या पोटाला टेकवून, नाक स्तनाग्रासमोर आणावे, आणि तोंड मोठे उघडताच बाळालाच जवळ घ्यावे. आपण पुढे वाकून स्तन बाळाच्या तोंडात दिला की पकड बहुधा उथळच राहते आणि आईची पाठ दुखते ती वेगळीच. दुखत असतानाही ‘चालायचेच’ म्हणून सोसत राहू नये. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिले, तर पकड पुन्हा करावी.

ठसक्याचे दुसरे संभाव्य कारण म्हणजे पान्हा फार जोरात सुटणे. तुमच्या बाळाचे चांगले वाढलेले वजन पाहता हीच शक्यता मला अधिक वाटते. बाळ पिऊ लागल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत दुधाची धार एकदम सुटते. बाळ गटागटा गिळते, गुदमरते, तोंड सोडते आणि दूध त्याच्या चेहऱ्यावर उडते. ही धडपड चालू असताना हवा पोटात जाणारच. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे मागे रेलून पाजणे. पाठीला उशांचा आधार घेऊन अर्धवट आडवे व्हावे आणि बाळाला आपल्या अंगावर पालथे घ्यावे. मग धार वरच्या दिशेने जाते, तिचा जोर ओसरतो आणि नको झाले की बाळ मान उचलून थांबू शकते. किंवा पान्हा सुटताच बाळाला क्षणभर बाजूला करून पहिली जोरदार धार कापडात जाऊ द्यावी आणि मग पुन्हा पाजावे.

याला जोडूनच एक सवय तपासा. घड्याळ पाहून दहा मिनिटे इकडे आणि दहा मिनिटे तिकडे, असे तुम्ही पाजता का? स्तन जसजसा रिता होत जातो, तसतसे दुधातील स्निग्धांशाचे प्रमाण हळूहळू वाढत जाते आणि असे दूध पोटात अधिक काळ टिकते. दूध भरपूर असताना बाळाला मध्येच दुसरीकडे घेतले, तर दोन्हीकडचे पातळ, शर्करेने भरलेले दूधच त्याच्या पोटात अधिक जाते. ते आतड्यात भराभर उतरते, तेथे सगळी शर्करा पचत नाही आणि उरलेली आंबून वायू होतो. 1988 साली वूलरिज आणि फिशर या ब्रिटिश संशोधकांनी हाच दुवा मांडला होता. शी हिरवट, फेसाळ आणि जोरात होणारी असेल, तर हे कारण नक्की ध्यानात घ्यावे. बाळ एका बाजूने आपण होऊन सोडेपर्यंत तिथेच पिऊ द्यावे आणि मग दुसरी बाजू देऊन पाहावी. घेतली तर घेतली, नाही तर पुढच्या वेळी तिथून सुरुवात करावी. कित्येक तास एकाच बाजूने पाजत राहण्याची जी पद्धत काही ठिकाणी सुचवली जाते, तिने दूध कमी होते, म्हणून ती जाणकाराच्या देखरेखीशिवाय करू नये.

ढेकर काढण्याविषयी थोडेसे. ढेकर निघाली तर उत्तम, पण अर्धा तास पाठ थोपटत बसण्यात अर्थ नाही. चंदीगड येथील एका अभ्यासात ढेकर काढलेली आणि न काढलेली बाळे तीन महिने पाहिली गेली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, ढेकर काढल्याने रडण्याच्या त्रासात फरक पडला नाही आणि दूध बाहेर काढण्याचे प्रमाण मात्र वाढले. दोन-चार मिनिटे खांद्यावर उभे धरा. नाही निघाली तर सोडून द्या, आणि झोपलेल्या बाळाला त्यासाठी मुळीच उठवू नका.

तुम्ही दिलेल्या थेंबांत बहुधा सिमेथिकोन असावे. ते निरुपद्रवी समजले जाते, पण चाचण्यांत ते साध्या द्रवाहून सरस ठरलेले नाही. फरक खात्रीने सांगता येत नाही असे तुम्ही लिहिले आहे, ते त्यामुळेच. बाटलीवरचे घटक मात्र आजच वाचा. त्यात डायसायक्लोमाइन असेल तर ते औषध बंद करून डॉक्टरांशी बोला, कारण सहा महिन्यांखालील बाळांचा श्वास त्याने मंदावल्याच्या घटना घडल्या आहेत. ग्राइप वॉटरचीही गरज नाही; या वयात आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा लागत नाही. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूच्या थेंबांनी केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांचे रडणे काहीसे कमी झाल्याचे अनेक चाचण्यांत आढळले आहे. ते द्यावेत की नाही, हे बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा.

संध्याकाळचे ते तीन तास तरीही उरतातच. त्या वेळी बाळाला दर अर्ध्या तासाने प्यावेसे वाटले, तर ‘आत्ताच तर पाजले’ असा हिशेब करू नका. संध्याकाळी सलग पीत राहणे हे या वयाला धरूनच आहे आणि दूध आटल्याचे ते लक्षण नाही. पिणे नको असेल तर दिवे मंद करा, माणसांची ये-जा कमी करा आणि बाळाला छातीशी धरून चाला. जपानमधील संशोधकांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, रडणाऱ्या बाळांना घेऊन पाच मिनिटे न थांबता चालल्यावर त्यांतली बरीच शांत झाली आणि काही झोपलीही. झोप लागल्यावर लगेच खाली न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटे मांडीवर घेऊन बसले, तर खाली ठेवताना जाग येण्याचे प्रमाण कमी होते. पोटावर हलक्या हाताने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल चोळणे आणि पाय सायकलसारखे हलवणे, याने पुष्कळ बाळांना बरे वाटते. हातावर पालथे धरल्यानेही वाटते, पण झोपवायचे मात्र नेहमी उताणेच. पोटाला आराम पडतो म्हणून पालथे झोपवणे धोक्याचे आहे.

राहिला प्रश्न रात्रीच्या वरच्या दुधाचा. तुमच्या बाळाच्या बाबतीत त्याने गॅस कमी होईल असे मानायला आधार दिसत नाही. वरच्या दुधावरची बाळेही याच वयात, याच वेळी रडतात. उलट रात्रीचे पाजणे टळले की तुमचे दूध तुंबेल आणि हळूहळू कमी होईल. थकव्यामुळे एखादी रात्रीची पाळी दुसऱ्यावर सोपवावीशी वाटत असेल, तर ते कारण पूर्णपणे रास्त आहे, आणि त्यासाठी काढून ठेवलेले तुमचेच दूध बाळाचे बाबा पाजू शकतात. मात्र तो निर्णय थकव्यासाठी घ्यावा, आपले दूध वाईट आहे या समजुतीपोटी घेऊ नये.

थांबून वाट पाहू नये अशाही काही वेळा असतात. तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, हिरवी उलटी, प्रत्येक पाजण्यानंतर लांब फेकली जाणारी उलटी, शीत रक्त, घट्ट फुगलेले पोट, फुगलेली टाळू, जांघेत गाठ, पिण्याची इच्छाच न उरणे, निपचित पडणे किंवा नेहमीहून वेगळे, किंचाळल्यासारखे रडणे यांपैकी काहीही दिसले, तर रात्र असली तरी डॉक्टरांकडे जावे. अचानक न थांबणारे रडणे सुरू झाले तर बाळाला पूर्ण उघडे करून हातापायांची बोटेही पाहावीत. कधी कधी एखादा केस बोटाला घट्ट गुंडाळला गेलेला असतो.

तुमच्या स्वतःविषयी पत्रात फक्त एक अर्धे वाक्य आहे, ‘मलाही रडू येते’. एखाद्या रात्री डोके भणभणू लागले, तर बाळाला त्याच्या अंथरुणात उताणे ठेवून पाच-दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जा. तेवढा वेळ रडल्याने बाळाला इजा होत नाही. वैतागाच्या भरात हलवले, गदगदवले तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवा. रडू येणे, कशातच मन न लागणे किंवा बाळ झोपलेले असतानाही झोप न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर प्रसूतीनंतरच्या नैराश्याबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला. त्यावर चांगले उपचार आहेत आणि त्यांसाठी अंगावर पाजणे सहसा सोडावे लागत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एक काम द्या. तीन दिवस बाळ कधी पिते, कधी रडते, लंगोट किती ओले होतात आणि शीचा रंग काय, हे त्यांनीच एका वहीत लिहावे. बाळाच्या पित्याने पाजतानाचा एक व्हिडिओ घ्यावा, त्यात बाळाचे तोंड आणि हनुवटी नीट दिसेल असा. ती वही आणि तो व्हिडिओ घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे किंवा स्तनपान सल्लागाराकडे जा, आणि ‘दूध बाधते’ असे म्हणणाऱ्यांपैकी एकाला तरी बरोबर न्या.